परवानगीची कथा आणि कामाची कथा : शास्त्रज्ञ स्त्रीचे मराठी चरित्र

१

चेन्नईच्या पश्चिमेस असलेल्या आवडी या गावाचे नाव मराठी वाचकाला परके वाटत नाही. संतवाङ्मयात 'आवडी' हा शब्द ओढ, प्रीती, लळा या अर्थांनी पुनःपुन्हा आला आहे. तमिळ ग्रामनामाशी त्याचा काहीही संबंध नाही. हे केवळ ध्वनिसाम्य आहे. गावाचा अर्वाचीन इतिहास तर अगदी वेगळ्या वळणाचा आहे. जानेवारी १९५५ मध्ये उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. पुढच्याच दशकात येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये त्यातून 'विजयंता' रणगाडा बाहेर पडला. लढाऊ वाहनांच्या संशोधनासाठी १९७६ मध्ये येथे जी स्वतंत्र संस्था झाली, तिचे मूळ अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) वाहन संशोधन संस्थेत होते. म्हणजे या तमिळ गावातील यंत्रविद्येचा एक धागा मराठी मुलखातून आलेला आहे. पोलाद, लेथ आणि लष्कर यांनी घडलेले हे गाव पुरुषी समजल्या जाणाऱ्या व्यवसायांचे जणू नमुनाचित्रच होय.

याच आवडीपासून सुमारे दहा किलोमीटरवर, आग्नेयेस, मदुरवायल आहे. मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या तेथील क्षेत्रीय प्रयोगशाळेत एक वृद्ध स्त्री १९८४ च्या फेब्रुवारीत आपल्या मृत्यूपर्यंत काम करीत होती. तिचे नाव ई. के. जानकी अम्माळ. जन्म १८९७, तेल्लिचेरी. शिक्षण मद्रासच्या क्वीन मेरीज व प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत. १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट. त्यानंतर कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाच्या गुणसूत्रांवर आणि इतर तृणांशी त्याच्या संकरावर संशोधन. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश. हा कोश म्हणजे हजारो वनस्पतींच्या गुणसूत्रांची संख्या नोंदणारा, वापरण्यासाठी रचलेला संदर्भग्रंथ होता. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या अविवाहित राहिल्या. त्यांची कथा सांगायची तर उसाची, गुणसूत्रांची आणि बागेची कथा सांगावी लागते. दुसरी कोणती सोयीस्कर कथा हाताशी नाही.

मराठीत या जातीच्या स्त्रियांची चरित्रे थोडीथोडकी नाहीत. परंतु त्यांच्याविषयी मराठी गद्य काय सांगते आणि काय सांगायचे राहून जाते, या प्रश्नाचा विचार क्वचितच झाला आहे. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : शास्त्र आणि तत्सम व्यवसायांत शिरलेल्या स्त्रीचे मराठी चरित्र प्रामुख्याने परवानगीची कथा सांगते; कामाची कथा त्यात फारशी येत नाही. ही उणीव चरित्रकारांच्या सद्भावनेत नाही. ती पहिल्या महत्त्वाच्या चरित्राने घालून दिलेल्या साच्यात आहे, आणि काही अंशी नामे व क्रियापदे योजण्याच्या मराठी सवयीतही आहे.

२

हा साचा डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात घडला. त्यांच्या आयुष्याचा आराखडा सर्वांना ठाऊक आहे. जन्म १८६५, नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह, चौदाव्या वर्षी झालेल्या मुलाचा दहा दिवसांत मृत्यू, १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे परदेशगमनाचे समर्थन करणारे जाहीर भाषण आणि त्याच वर्षी अमेरिकेस प्रयाण, मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची नेमणूक, आणि ते काम सुरू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू. कॅरोलिन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये निघाले आणि काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १८८९ मध्ये. स्त्रीने लिहिलेल्या स्त्रीच्या आरंभीच्या मराठी चरित्रांत काशीबाईंच्या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. त्यांनी पत्रव्यवहाराचा उपयोग केला आणि गोपाळरावांच्या स्वभावातील विक्षिप्तपणाही झाकून ठेवला नाही.

तथापि या चरित्राचा कणा कोणता, असा प्रश्न केला तर उत्तर एकच येते : नवऱ्याने शिकू दिले, समाजाने जाऊ दिले नाही, तरी ती गेली. येथे चरित्रकाराला दोष देता येत नाही. वैद्य म्हणून आनंदीबाईंच्या वाट्याला कामाचा एक दिवसही पुरता आला नाही. जे आयुष्य परवानगी मिळताच संपले त्याची कथा परवानगीचीच असणार. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आनंदीबाईंनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंध 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' या विषयावर होता आणि त्यात आयुर्वेदीय ग्रंथ व अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतला होता. दोन ज्ञानपरंपरांना एका विषयावर शेजारी बसवणारी ती मांडणी एका मराठी स्त्रीचे शास्त्रीय लेखन म्हणून अभ्यासाचा विषय व्हायला हवी होती. सर्वसाधारण वाचकाला मात्र आनंदीबाईंची नऊवारी आठवते, बोटीचा प्रवास आठवतो, क्षय आठवतो. प्रबंध आठवत नाही.

श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने या कथेला कायमचे रूप दिले. पुढे तिच्यावरून नाटक झाले. २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. कादंबरीचे शीर्षकच बोलके आहे. मराठी रिवाजाप्रमाणे स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव येते, आणि येथे ती जोडगोळीच कादंबरीचा विषय आहे. शिकवण्याच्या वेडाने पछाडलेला, पत्नीला मारझोड करणारा आणि तरीही तिला समुद्रापार धाडणारा गोपाळराव ही व्यक्तिरेखा कादंबरीकाराला अधिक आव्हानाची वाटली तर नवल नाही. परवानगीच्या कथेत परवानगी देणारा हा नेहमीच नायकपदाकडे सरकतो. ललितकृतीच्या दृष्टीने हे वैगुण्य नव्हे. परंतु पुढच्या चरित्रांनी हाच साचा, आयुष्य वेगळे असतानाही, उचलला. अंजली कीर्तने यांच्या 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' या ग्रंथाने कागदपत्रांच्या आधारे बरेचसे धुके दूर केले; तरी लोकस्मृतीतील कथा बदलली असे म्हणता येत नाही.

साचा कसा चुकीच्या जागी बसवला जातो हे पाहण्यासाठी डॉ. रखमाबाईंचे उदाहरण पुरेसे आहे. आनंदीबाईंपेक्षा काही महिन्यांनी मोठ्या असलेल्या रखमाबाई १९५५ पर्यंत जगल्या. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये त्यांच्यावर वैवाहिक हक्कांसाठी फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी विरुद्ध निकाल दिला. १८८८ मध्ये तडजोड झाली. दरम्यान 'ए हिंदू लेडी' या टोपणनावाने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहिली. त्यानंतर लंडनला वैद्यकीचे शिक्षण, आणि परत आल्यावर सुरत व राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा. चार वर्षांचा खटला आणि तीस वर्षांची वैद्यकी अशी या आयुष्याची वाटणी आहे. मोहिनी वर्दे यांचे चरित्र लिहिले गेल्यावरही, रखमाबाई हे नाव उच्चारताच प्रथम खटला आठवतो. खटल्याचे महत्त्व कमी नाही. स्त्रीच्या संमतीचा प्रश्न त्याने न्यायालयात उभा केला. परंतु तीस वर्षे बाळंतिणींची सुटका करणाऱ्या हातांची कथा त्यामुळे वगळली जावी, असे कोणतेच कारण नाही.

३

विसाव्या शतकात डॉ. कमला सोहोनी यांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. त्यांचा जन्म १९११ मध्ये इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हटून उत्तर मागितले. अखेर वर्षभर काम पाहून मगच मान्यता देण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे स्त्रियांना संस्थेची दारे उघडली. हा प्रसंग शालेय पुस्तकांपासून गौरवलेखांपर्यंत सर्वत्र सांगितला जातो, आणि सांगितला जावा यात शंका नाही.

प्रश्न पुढचा आहे. ज्या कामासाठी ही लढाई झाली ते काम कोणते? बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातील व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. केंब्रिज येथे त्यांनी बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करता करता असे दाखवून दिले की, प्राणिपेशींच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते. या प्रथिनाचे काम इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचे. ते वनस्पतीत सापडले याचा अर्थ श्वसनाची यंत्रणा जीवसृष्टीच्या दोन्ही शाखांत मुळाशी एकच आहे. १९३९ मध्ये या कामावर डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभाग, मग तत्कालीन मद्रास इलाख्यातील कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळा, आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्यांतील प्रथिनपचनाला अडथळा आणणाऱ्या घटकांवर काम केले, नीरेच्या पोषणमूल्याची वर्षानुवर्षे तपासणी केली, आणि अखेरीस, बराच विलंब होऊन, त्या संस्थेच्या संचालक झाल्या.

यातील एकेक विषय मराठी घराच्या चुलीपर्यंत येऊन पोचणारा आहे. कडधान्य भिजवावे, नीट शिजवावे हा स्वयंपाकघरातील शहाणपणा आहे; कच्च्या दाण्यात पचनाच्या विकराला रोखणारे द्रव्य असते आणि उष्णतेने त्याचा जोर बराच मोडतो, ही त्याच शहाणपणाची प्रयोगशाळेतील बाजू आहे. झाडावरून उतरवलेली ताजी नीरा आणि आंबलेली ताडी यांतील भेद खेड्यातल्या माणसाला चवीने कळतो. त्यातील जीवनसत्त्वे आणि लोह किती, हे मोजावे लागते. कमलाबाईंनी स्वतः 'आहारगाथा' हे पुस्तक मराठीत लिहून हा सांधा जोडला. ग्राहकांच्या चळवळीत शिरून त्यांनी अन्नातील भेसळीविषयीही लोकांना जागे केले. तरीही त्यांच्यावरील लेखनाचा तोल पाहिला तर रामन यांच्या दालनातील एका दिवसाला जेवढी जागा मिळते, तेवढी पुढच्या चाळीस वर्षांना मिळत नाही.

कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत यांच्याशी तुलना केली तर हा असमतोल अधिकच स्पष्ट होतो. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' १९५६ मधले. झाडापानांचे निरीक्षण त्यात जितके नेमके तितकेच रसाळ आहे. 'खमंग' या पुस्तकात त्यांनी पाककृतीही दिल्या. एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणींपैकी एकीने अन्न आणि निसर्ग शब्दांत आणला, दुसरीने तोच परीक्षानळीत पाहिला. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या दुर्गाबाईंच्या कामाची चर्चा त्यांच्या ग्रंथांवरून होते, कारण वाङ्मयाच्या अभ्यासकाला ग्रंथ वाचता येतात. कमलाबाईंच्या कामाची चर्चा मात्र प्रसंगावरून होते, कारण त्यांचा प्रबंध वाङ्मयाच्या अभ्यासकाला वाचता येत नाही, आणि त्याला तो वाचून दाखवणारे मराठी गद्य पुरेसे लिहिले गेलेले नाही.

४

असे गद्य मराठीत मुळीच नाही असे मात्र नव्हे. इरावती कर्वे यांच्या लेखनात त्याचा एक उत्कृष्ट नमुना आहे. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या, मानवी कवट्यांच्या मोजमापापासून संशोधनाला आरंभ करणाऱ्या इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पंढरीच्या वारीवरील त्यांचा लेख आठवावा. दिंडीबरोबर चालणारी, तिच्या भक्तीने हेलावणारी आणि त्याच वेळी कोण कोणाबरोबर जेवायला बसते हे डोळ्यांनी टिपणारी बाई त्या लेखाची निवेदक आहे. जातीजातींच्या वेगळ्या पंगती तिला खुपतात. परंतु त्या तिला दिसतात त्या मानवशास्त्रज्ञ म्हणून. संशोधकाचे काम म्हणजे काय हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही. वाक्यावाक्यांतून ते चाललेले दिसते.

याच लेखिकेचा 'परिपूर्ती' हा लघुनिबंध मात्र प्रस्तुत प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. एका सभेत वक्त्या बाईंची ओळख करून दिली जाते : अमक्याची कन्या, तमक्याची सून, फलाण्याची पत्नी. काही तरी राहून गेल्याची चुटपुट तिला लागते. घरी परतताना रस्त्यावरची मुले तिला आपल्या वर्गमित्राची आई म्हणून ओळखतात आणि तिला वाटते, आता ओळख पुरी झाली. या शेवटाचा अर्थ वात्सल्याची तृप्ती असा घेता येतो. सगळ्या ओळखींवरचे मिस्कील भाष्य असाही घेता येतो. निबंधाची गोडी या दुहेरीपणात आहे. पण ओळखींच्या त्या यादीत तिचे स्वतःचे काम कोठेच येत नाही, आणि बहुसंख्य वाचकांना ते जाणवलेही नाही. 'युगान्त'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या लेखिकेने ही रिकामी जागा नकळत ठेवली असेल, असे मानणे कठीण आहे.

या रिकाम्या जागेवर उघडपणे बोट ठेवले ते कुमुद पावडे यांनी. 'अंतःस्फोट' (१९८१) मधील आपल्या संस्कृताध्ययनाविषयीच्या लेखात त्यांनी जो अनुभव सांगितला आहे तो शास्त्रज्ञ स्त्रीच्या अनुभवाच्या अगदी निकटचा आहे. येथे क्षेत्र प्रयोगशाळेचे नसून संस्कृतचे आहे. परंतु ते केवळ पुरुषांचे नव्हे तर ब्राह्मण पुरुषांचे मानले गेलेले क्षेत्र. महार घराण्यात जन्मलेली मुलगी ते जिद्दीने शिकते, पदव्या मिळवते, आणि नोकरीसाठी दारोदार हिंडते. पुढे विवाहाने आडनाव बदलते आणि नोकरी मिळते. तेव्हा ती नोंदवते की, संस्कृतचे श्रेय मिळाले ते पावडे या नावाला. माहेरच्या सोमकुवर या नावाला नव्हे. परवानगीच्या कथेचा पाया या एका निरीक्षणाने उघडा पडतो. आनंदीबाई किंवा कमलाबाई यांच्या बाबतीत परवानगी देणारे वा नाकारणारे एक घर, एक संस्था असते. पावडे यांच्या लेखात परवानगी देणारा कोणी एक मनुष्य नाही. ती अवघ्या समाजाच्या हाती आहे. म्हणूनच तेथे कोणी उदार पती अथवा पिता नायक होऊन बसत नाही. नायकपदी राहतो तो अभ्यास.

५

आता भाषेकडे वळावयाचे. १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता विद्युत अभियंता होऊन बाहेर पडल्या. त्यांच्याबरोबर पी. के. थ्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज यांनीही तेथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. ललिता अठराव्या वर्षी, तान्ही मुलगी पदरात असताना विधवा झाल्या होत्या. वडील त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होते. पदवीपत्रावरील छापील 'ही' हे पुल्लिंगी सर्वनाम खोडून त्या जागी हाताने 'शी' असे लिहावे लागले, अशी नोंद आहे. पुढे त्यांनी भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत यंत्रणेवर काम केले आणि १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथील स्त्री अभियंत्यांच्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित राहिल्या. इंग्रजीला एक सर्वनाम खोडून काम भागवता आले. मराठीला काय खोडावे लागले असते?

नामांपासून आरंभ करू. मराठीतील '-ईण' हा स्त्रीलिंगी प्रत्यय व्यवसायाच्या नावाला लागला म्हणजे बहुधा पत्नीत्व दाखवतो. पाटलीण ही पाटलाची बायको. गावची पाटीलकी करणारी स्त्री नव्हे. मास्तरीण आणि डॉक्टरीण या शब्दांत दोन्ही अर्थ नांदत आले : स्वतः शिकवणारी अथवा औषध देणारी, आणि मास्तरांची अथवा डॉक्टरांची पत्नी. हा घोळ टाळण्यासाठी बोलीने 'डॉक्टरीणबाई', 'लेडी डॉक्टर' अशा तडजोडी केल्या. 'शास्त्रज्ञ' हा शब्द रूपाने दोन्ही लिंगांना चालतो, तरी लेखक 'स्त्री-शास्त्रज्ञ', 'महिला शास्त्रज्ञ' असे लिहितात. विशेषण लावले जाते ते अपवादाला. ते लावले गेले याचाच अर्थ मूळ शब्द पुरुषाचा मानला गेला.

क्रियापदांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. लेखी तमिळमध्ये आदरार्थी 'अवर्' हे सर्वनाम आणि त्याचे क्रियारूप स्त्री व पुरुष दोघांना समानच असते. जानकी अम्माळ यांच्याविषयीचे तमिळ वाक्य लिंग न सांगताही पुरे होऊ शकते. मराठीत आदर दाखवला तरी लिंग लपत नाही : 'ते निघाले', 'त्या निघाल्या'. मात्र मराठीत एक जागा अशी आहे की जेथे कर्त्याचे लिंग क्रियापदातून नाहीसे होते. ती म्हणजे भूतकाळातील कर्मणी प्रयोग. 'त्यांनी प्रथिन शोधले', 'त्यांनी गुणसूत्रे मोजली', 'त्यांनी पूल बांधला' या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते. कर्ता स्त्री की पुरुष हे वाक्य विचारीतच नाही. उलट 'गेल्या', 'परतल्या', 'रडल्या', 'राहिल्या' ही अकर्मक क्रियापदे कर्त्याला धरून असतात. आणि 'शिकणे' हे क्रियापद सकर्मक असूनही कर्तरीच राहते : 'त्या इंग्रजी शिकल्या'. आनंदीबाईंच्या कथेची मुख्य क्रियापदे आठवून पाहावीत : त्या शिकल्या, निघाल्या, परतल्या, वारल्या. त्यांत प्रत्येक ठिकाणी स्त्री असणे क्रियापदावर लिहिलेले आहे. कमलाबाईंच्या बंगळूरच्या प्रसंगाचेही तसेच : त्या गेल्या, हटून बसल्या, जिंकल्या. त्यांच्या कामाची वाक्ये मात्र अशी होतात : सायटोक्रोम ओळखले, नीरा तपासली, विद्यार्थी घडवले.

यावरून व्याकरण चरित्रकाराला बांधून ठेवते असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. दोन्ही प्रयोग भाषेत सारखेच उपलब्ध आहेत. परंतु कोणत्या प्रयोगातील वाक्ये चरित्रात दाटीने येतात हे मोजले, तर चरित्रकाराचे लक्ष कोठे होते याची बऱ्यापैकी खूण मिळेल. कर्माप्रमाणे चालणारी वाक्ये जेथे विरळ, तेथे कामाची कथा विरळ. एवढी साधी कसोटी अभ्यासकाला पुरेशी व्हावी.

६

येथे एक आक्षेप येऊ शकतो. परवानगी हीच या स्त्रियांच्या आयुष्यातील निर्णायक गोष्ट होती. ती वगळली तर इतिहास खोटा होईल आणि वाट सोपी होती असा भास निर्माण होईल. आक्षेप रास्त आहे. परवानगीचे प्रकरण गाळावे असे येथे सुचवलेले नाही. परंतु ते चरित्राचे पहिले प्रकरण असावे, शेवटचे नव्हे. दुसराही आक्षेप संभवतो : प्रवेश नाकारला जाणे ही घटना आहे, तिच्यात नाट्य आहे, चाळीस वर्षे रोज प्रयोगशाळेत जाणे ही सवय आहे, तिच्यात नाट्य नाही. हेही खरे. परंतु पुरुष शास्त्रज्ञाच्या चरित्रात याच सवयीला साधना म्हणतात आणि तिच्यावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली जातात.

या उपेक्षेचे परिणाम कसे होतात हे दोन उदाहरणांनी सांगता येईल. अॅना मणी १९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी काम केले. परंतु पदव्युत्तर पदवी नसल्याच्या कारणाने मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि हवामानमापनाची उपकरणे देशात तयार करण्याचे काम त्यांनी उभारले. सूर्यप्रकाश मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे, ओझोन मोजण्याची साधने, आणि १९८० मध्ये भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ, हे त्यांचे काम आज सौरऊर्जेची आखणी करणाऱ्यांना उपयोगी पडते. शकुंतला भगत यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पूलबांधणीतील नामांकित अभियंते एस. बी. जोशी हे त्यांचे वडील. १९७० मध्ये पतीसह त्यांनी 'क्वाड्रिकॉन' ही संस्था काढली. ठरावीक मापांचे पोलादी भाग तयार करून ते जागेवर जोडायचे आणि हव्या त्या लांबीरुंदीचा पूल उभारायचा, ही त्यांची पद्धत डोंगराळ मुलखात विशेष उपयोगी पडली. १९७२ मध्ये हिमाचलातील स्पिती येथे तसा पूल झाला. या दोघींची कामे महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. पण त्यांच्या आयुष्यात खटला नाही, बोटीचा प्रवास नाही, अकाली मृत्यू नाही. आणि म्हणून मराठी वाङ्मयाच्या वाचकाच्या स्मृतीत त्यांना जवळजवळ जागा नाही.

याचे मोल केवळ वाङ्मयेतिहासापुरते नाही. शास्त्राकडे वळू पाहणाऱ्या मुलीच्या हाती ही चरित्रे पडतात. त्यांतून तिला एवढेच कळत असेल की दार उघडताना झगडावे लागते, आणि आत गेल्यावर काय करायचे असते, चुकलेला प्रयोग पुन्हा कसा मांडतात, कंटाळा कसा सोसतात, हे कळत नसेल, तर चरित्राने तिला उंबरठ्यापर्यंत आणून सोडले असे होते. दुसरे असे की, परवानगीची कथा संपली असे मानले की प्रश्नही संपला असे वाटू लागते. प्रवेश मिळाल्यानंतर पदोन्नतीत होणारा विलंब, श्रेयाची वाटणी, घर आणि प्रयोगशाळा यांतील वेळेची ओढाताण हे सगळे कामाच्या कथेतच दिसू शकते. कमलाबाईंना संचालकपद उशिरा मिळाले ही गोष्ट रामन यांच्या नकाराइतकीच महत्त्वाची आहे. पण ती समजण्यासाठी मधल्या वर्षांतले काम ठाऊक असावे लागते.

चांगली गोष्ट अशी की, त्यासाठी लागणारी भाषा तयार आहे. इरावतीबाईंनी वारीचे निरीक्षण लिहिले, दुर्गाबाईंनी ऋतूंचे; डॉ. मंगला नारळीकरांनी (१९४३–२०२३) 'गणितगप्पा'सारख्या पुस्तकांतून गणित मराठीत गप्पांच्या सुरात बोलते केले. उरते ते एवढेच की, चरित्रकाराने शास्त्रज्ञ स्त्रीकडे तिने कोणाचा विरोध मोडला हे विचारून झाल्यावर आणखी चार प्रश्न घेऊन जावे : तिने कशावर काम केले, कोणत्या साधनांनी केले, काय फसले, आणि ते काम पुढे कोणी नेले.

मदुरवायलच्या प्रयोगशाळेतील वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीला शेजारचे गाव कोणते आहे याचा मराठी अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु सत्तरी ओलांडल्यावर मद्रासला परतून मृत्यूपर्यंत रोपांमध्ये राहण्याचे स्पष्टीकरण कोणाच्याही परवानगीत सापडत नाही. ते ज्या शब्दात सापडते तो शब्द मराठी संतांनी आधीच घडवून ठेवला आहे. शास्त्रज्ञ स्त्रीच्या मराठी चरित्राला तो आवडीचा शब्द अद्याप पुरता वापरावयाचा आहे.